सारजाचा माळ

चैत्र संपता संपता वस्तीवर नोटीस आली. आणणारा शिपाई ओळखीचाच होता. नागम्माच्या ओसरीवर बसून तो तांब्याभर पाणी प्याला, कागद तिच्या हातात दिला, "अव्वा, माज्यावर राग धरू नका, वरून आलंय," एवढं म्हणाला आणि चहाला न थांबता त्यानं गाडीला किक मारली. फुकटच्या चहाला नाही म्हणणारा शिपाई म्हणजे कागदात काहीतरी वंगाळ असणार, हे नागम्माला वाचायच्या आधीच कळलं.

वाचायला ती पन्नाशीत शिकली होती. अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची. वस्ती पाझर तलावाच्या हद्दीत येत आहे, सबब पावसाळ्यापूर्वी जागा मोकळी करावी. तिनं ते दोनदा वाचलं. तळं बांधलं कुणी? ह्यांनीच की. बाहत्तरच्या दुष्काळात कर्नाटकातल्या इंडीकडची ही माणसं पोटासाठी इकडं आली, दुष्काळी कामावर खडी फोडली, माती वाहिली, आणि काम संपल्यावर परत जायला काही उरलं नव्हतं म्हणून तळ्याच्या काठालाच चार मेढी रोवून राहिली. पन्नास वर्षं राहिली. आता त्याच तळ्याच्या नकाशावर कुणीतरी निळी रेघ ओढली होती आणि एकेचाळीस घरं रेघेच्या आत गेली होती.

नागम्मा आली तेव्हा पंधरा वर्षांची, लग्न होऊन महिना झालेली. नवरा संगप्पा घण मारायचा, ती पाटी उचलायची. चिंचवडगी गावात ह्यांना नावानं कुणी हाक मारत नव्हतं, 'ए कानडी' म्हटलं की भागायचं. रेशनकार्डाला आठ वर्षं लागली, मतदार यादीला बारा. पण यादीत नावं लागली आणि पारडं फिरलं. गावात वरची आळी आणि खालची आळी यांचं तीन पिढ्यांचं हाडवैर, मतं दोघांची सारखी. वस्ती जिकडं जाईल तिकडं गुलाल. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ! सरपंचपद बायकांना राखीव झालं तेव्हा दोन्ही आळ्यांनी एकमेकांचं नाक कापायला म्हणून ह्या घण मारणाऱ्याच्या बायकोला खुर्चीत बसवलं. त्यांना वाटलं, बाई अंगठा उठवील आणि घरी जाऊन भाकरी थापील. बाईनं अंगठा काही उठवला नाही. ती सही शिकली, वाचायला शिकली, वस्तीवर नळ आणला, विजेचे खांब आणले, अंगणवाडी आणली. मधेच संगप्पा छातीत धूळ साठून गेला. तेराव्या दिवशी ती पंचायतीच्या मिटिंगला हजर होती. आता तिची तिसरी खेप होती, आणि तालुक्याच्या कचेरीत तिला पाहून लोक खुर्ची पुढं करत.

नोटीस घेऊन ती कचेरीत गेली, मुलगा गुरुशांतच्या गाडीवर मागं बसून. साहेब माणूस बरा होता.

"अव्वा, घरं वाचायची नाहीत," ते म्हणाले. "रेघेच्या आतलं काही नावावर होत नाही. पण पर्यायी जागा मागा. तुमच्याच गावात गट दोनशे अकरा आहे, पाच एकर गायरान, सपाट, रस्त्याला लागून. ग्रामसभेचा ठराव द्या, पंचनामा द्या, मी प्रस्ताव पाठवतो. प्रत्येकाला आपल्या नावाची जागा मिळेल, वर घरकुल मिळेल."

नागम्माचा हात आपोआप पदराकडं गेला. आपल्या नावाची जागा! हे शब्द ऐकायला संगप्पा हवा होता, असं तिला वाटलं.

"फक्त एक," साहेब म्हणाले, "जागेवर कुणाची वहिवाट नको. तसा दाखला सरपंच म्हणून तुम्ही द्यायचा. कुणाचा वापर निघाला की प्रकरण अडकलं म्हणून समजा. आणि पावसाळा तोंडावर आलाय."

"कुनाचा वापर न्हाय साहेब, मोकळा माळ हाय," गुरुशांत लगेच म्हणाला.

नागम्मानं नोटिशीची घडी घातली. दोनशे अकरा म्हणजे सारजाचा माळ.

सारजाबाई धनगराची. दिवाळी झाली की तिचं बिऱ्हाड मेंढरं घेऊन भीमेच्या काठानं खाली विजापूरच्या अंगाला उतरायचं, तिथल्या शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचं आणि मृग लागला की माळावर परत यायचं. मग पुन्हा दिवाळीपर्यंत वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, इथंच. तिच्या सासऱ्याच्या आज्यापासून हे असंच चालत आलेलं. गावाच्या यादीत तिचं नाव नव्हतं, कारण यादी करायला माणसं यायची तेव्हा ती नेमकी शंभर मैलांवर असायची. पण नागम्मा ह्या मुलखात आली तेव्हा तिला पहिली 'गं' म्हणून हाक मारली ती सारजानं. नव्या नवरीच्या हाताला घणानं आणि खडीनं फोड आले होते. सारजानं शेळीचं दूध आणि कसलासा पाला वाटून आणला, तिचे हात मांडीवर घेतले आणि कानडीचे चारच शब्द येत असताना दोन तास तिच्याशी बोलत बसली. ती मराठीत बोलली, ही कानडीत रडली. पुढं दोघींना दोन्ही भाषा आल्या.

कचेरीतून आल्यावर संध्याकाळी बसवण्णाच्या देवळापुढं वस्ती जमली. नागम्मानं सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "पर तो माळ सारजाचा हाय."

"कुटं लिवलंय?" रेवणसिद्ध म्हणाला. हा वस्तीतला ट्रॅक्टरवाला, तोंडानं फटकळ. "अव्वा, मला तिचं वाईट वाटत न्हाय असं न्हाय. पर ती चार महिन्याची, आमी बारा महिन्याचं. तिची मेंढरं कुटं बी बसत्यात. माजी लेकरं कुटं बसू मी?"

"पन्नास वर्षं आमाला बी हेच म्हनत हुते की. कुटं लिवलंय," नागम्मा म्हणाली.

"म्हनूनच म्हनतो. आता लिवायची पाळी आपली आलीया."

माणसं हसली. नागम्मालाही हसू आलं, आणि मग त्या हसण्याची लाज वाटली. म्हातारी रत्नम्मा कोपऱ्यातनं म्हणाली, "मृगाला ती येनार. तवा काय सांगशील?"

त्यावर गुरुशांतनं तोड काढली. "प्लॉट एकेचाळीस कशाला, बेचाळीस पाडू. एक सारजामावशीला. तिला बी घर हुतंय की! जल्मभर उघड्यावर काढलीया बिचारीनं."

सगळ्यांचे चेहरे उजळले. नागम्माच्याही छातीवरचा धोंडा उतरला. घराला घर दिलं की फिटलं, असं घरासाठी पन्नास वर्षं झुरलेल्या माणसांनाच वाटू शकतं. शंभर मेंढरं, दोन घोडी आणि तीन कुत्री घेऊन हिंडणाऱ्या बाईनं पाऊण गुंठ्यात काय करायचं, हे त्या देवळापुढं बसलेल्या शंभर माणसांत एकालाही सुचलं नाही. सारजाच्या मुलाजवळ, युवराजजवळ, फोन होता. नंबर नागम्माकडं होता. फोन लावावा असं पुढच्या आठवड्यात तिच्या मनात चारदा आलं, आणि चारही वेळा तिनं फोन चार्जिंगला लावून ठेवला.

गुरुवारी तलाठीबाई पंचनाम्याला यायच्या होत्या. बुधवारी पहाटेच नागम्मा, गुरुशांत आणि रेवणसिद्ध ट्रॅक्टर घेऊन माळावर गेले. जास्त माणसं तिनं मुद्दामच घेतली नाहीत. अशा कामाला माणसं जितकी कमी तितकं बरं.

वैशाखाचं ऊन आठलाच डोक्यावर आल्यासारखं झालं. माळावर वाड्याच्या खुणा लांबून दिसत नव्हत्या, पण पाय टाकला की कळायच्या. लेंड्यांचा बोटभर जाड थर, वाळून भुगा झालेला. कोकरांच्या कुंपणाची बाभळीची काटेरी फांदोरी. जाळी बांधायच्या खुंट्या. पाण्याची भांडी ठेवायचे सपाट दगड. आणि चार ठिकाणी तीन-तीन दगडांच्या चुली. पुरुषांनी काटे आणि खुंट्या धरल्या, नागम्मानं खराटा घेतला. लेंड्या लोटताना नाकातोंडात धूळ जाऊन तिला ठसका लागला. गुडघे बोलायला लागले. अडुसष्टाव्या वर्षी तिला कुणी माळ झाडायला लावला नव्हता, पण तिला वाटत होतं, हे दुसऱ्याच्या हातनं नको. करायचंच तर आपल्या हातानं.

मोठी चूल सारजाची. तिचा एकेक दगड उचलून तिनं ट्रॉलीत टाकला. खालची बाजू काळीकुट्ट, तुळतुळीत. ह्या चुलीवरच्या बाजरीच्या भाकरी तिनं किती खाल्ल्या होत्या त्याला मोजदाद नव्हती. तळहात काळे झाले ते तिनं पदराला पुसले नाहीत, मातीत घासले.

माळाच्या कडेला तरवडाचं एक झुडूप होतं. त्याच्या बुडाला एक आडवा, चपटा दगड. गुरुशांत पहार घेऊन तिकडं वळला तशी नागम्मा ओरडली, "बेडा! त्यो राहू दे."

"का? काय हाय त्यात?"

काय सांगणार? गुरुशांत दहा दिवसांचा असताना नागम्मा तापानं फणफणली होती, दूध आटलं होतं. तेव्हा सारजाची मुलगी दोन महिन्यांची. सारजानं दोन्ही पोरं छातीला लावली. एकीचं दूध दोघांना, आणि तेही आषाढात, जेव्हा तिच्याच पोटाला पुरेसं नव्हतं. श्रावणात तिची मुलगी सुकून सुकून गेली. गुरुशांत वाचला. सारजानं पोर तरवडाखाली पुरली, दगड ठेवला आणि त्याच दिवशी संध्याकाळी गुरुशांतला पाजायला बसली. दूध कुणाचं कुणाला कमी पडलं हे तेव्हाही कुणी बोललं नाही आणि नंतरही नाही. मावशीनं तुला पाजलंय, एवढं गुरुशांतला ठाऊक होतं. दगडाचं ठाऊक नव्हतं.

"अव्वा, कुनाची मूठमाती असंल तर लई वंगाळ हुईल," रेवणसिद्ध हळूच म्हणाला. "थडगं दिसलं की तलाठीबाई लिवनार. मग बस फायलीच्या नावानं बोंबलत."

नागम्मा उभी राहिली. समोर तळ्याच्या काठावर वस्तीची पत्र्याची छपरं उन्हात चमकत होती. एकेचाळीस. तिला प्रत्येक छपराखालची माणसं तोंडपाठ होती. ती खाली बसली आणि दगडाखाली बोटं घालून तिनंच तो हलवला. जमिनीत रुतला होता, सुटेना. दुसऱ्यांदा जोर केला तेव्हा सुटला, आणि तो छातीशी धरून ती उठायला लागली.

"काय करतीस अव्वा, कंबर मोडंल. दे हिकडं," म्हणत गुरुशांत पुढं आला. त्यानं तो दगड तिच्या हातातनं सहज काढून घेतला आणि दुरूनच ट्रॉलीत भिरकावला. दगड दगडावर आपटल्याचा आवाज झाला. नागम्मानं डोळे मिटले. आपण ह्याला अडवलं नाही, हे तिला मरेपर्यंत पुरणार होतं आणि ते तिला तिथंच, त्याच क्षणी कळलं.

दुसऱ्या दिवशी तलाठीबाई आल्या, छत्री उघडून माळभर फिरल्या. "मेंढरांचा वास येतोय की हो," त्या म्हणाल्या.

"रस्त्यानं जात्यात की येत्यात," नागम्मा म्हणाली. कागद पुढं आला. 'सदर जागेवर कोणाचाही वापर अथवा वहिवाट नाही व पूर्वी कधीही नव्हती.' तिनं बोट ठेवून, ओठ हलवत सगळं वाचलं. कळून सवरून, वळणदार सही केली आणि खाली शिक्का मारला.

ग्रामसभेचा ठराव झाला. वरच्या आळीनं हात वर केले, खालच्या आळीनं तोंडं वाकडी केली. साहेबांनी जागेची मंजुरी तोंडी कळवली, लेखी आदेश महिन्याभरात निघेल म्हणाले. वस्तीला कुठला दम निघतोय! माळावर चुन्याच्या फक्कीनं रेघा पडल्या, चिठ्ठ्या टाकून नंबर वाटले गेले. रेवणसिद्धानं तर आपल्या सतरा नंबरात पायाचे दगडही आणून टाकले.

मृग लागला आणि चौथ्या दिवशी दुपारी सारजा आली.

मेंढरं रस्त्यावरच थांबली होती. माळाच्या तोंडाशी येऊन कुत्री बुजल्यासारखी उभी होती. युवराज घोड्याचा लगाम धरून होता, त्याची बायको वरच्या बिऱ्हाडात बसलेलं पोर सावरत होती. सारजा एकटीच माळावर फिरली. फक्कीच्या रेघांवर पाय पडू न देता, एकेक रेघ ओलांडत फिरली. तरवडाच्या झुडपापाशी थांबली. मग वस्तीकडं आली.

नागम्मा ओसरीवर होती. उठून सामोरी गेली. "बा अक्का, बा. आत ये."

"हितंच बरं हाय. पाय चिखलाचं हायती," सारजा म्हणाली आणि पायरीवर टेकली. पाऊस अजून पडायचा होता, पाय कोरडे ठणठणीत होते. नागम्मानं पाणी आणलं. सारजानं ते तोंडाला लावलं आणि तांब्या खाली ठेवला.

"घरं हुनार व्हय?"

"व्हय. आमाला नोटीस आली, अक्का. तळ्यातनं उठवत हुते. दुसरी जागाच नव्हती गं." नागम्मा घाईघाईनं बोलायला लागली. "तुझ्यासाठी बी ठेवलाय प्लॉट. बेचाळीस नंबर. कोपऱ्याचा हाय, चांगला. तुला घर बांधून मिळंल, पक्कं."

सारजानं रस्त्याकडं पाहिलं. "आनि मेंढरं गं?"

नागम्मानं तांब्या उगाच बाजूला सरकवला.

"असूंदे," सारजा म्हणाली. "माजी पोर कुनाच्या घरात आली?"

"सतरा नंबरात. रेवणसिद्धाच्या."

"दगड दिसला न्हाय."

"मीच काढला." नागम्मानं दोन्ही तळवे तिच्यापुढं धरले. "मी काढला अक्का, ह्या हातानं. मला मार. चपलेनं मार मला, पर अशी बसू नको."

सारजानं मारलं नाही. ती धुळीनं पांढरे झालेले आपले तळपाय एकमेकांवर घासत होती. "वर चूल पेटंल म्हनायची," ती म्हणाली. "लई गारठत असंल पावसात. आता घर झालं तिला." हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं नाही, आणि म्हणूनच नागम्माला ते सोसवेना. ती पदर तोंडात कोंबून रडली. सारजानं तिला रडू दिलं, मग नेहमीसारखा तिच्या पाठीवरनं हात फिरवला.

"आता कामाचं ऐक," सारजा म्हणाली. "बोरी नदीच्या काठाला एक गाव हाय, तितं गायरान हाय, पानी हाय. पावसाळाभर बसू देतो म्हनत्यात. पर मेंढरं चोरनाऱ्या टोळ्या लई झाल्यात, अनोळखी वाडा उतरू देत न्हाईत. म्हनत्यात, तुमी कुटलं? जितं वाडा असायचा तितल्या सरपंचाचं पत्र आना. तर तेवढं दे. दोन वळी लिव. ह्ये धनगर आमच्या गावात पावसाळ्यात असत्यात, चांगली मानसं हायती, एवढंच."

मागं दारात गुरुशांत उभा होता. "मावशे, तसलं पत्र देता येत न्हाय," तो म्हणाला. "अव्वानं लिवून दिलंय की हितं कुनी कदीच नव्हतं. आदेश अजून निघायचा हाय. ह्या पत्राचा फोटो कुनी काढून कचेरीत दिला तर घरं गेली. अव्वावर खोटेपनाची केस हुईल."

सारजा गोंधळली. "म्हंजी आमी नव्हतोच?"

रस्त्यावर मेंढरं कळवळून ओरडत होती, तहानली होती.

"लिवून न्हाय देत," नागम्मा एकदम म्हणाली. तिनं सारजाचे दोन्ही हात धरले. "पर तोंडानं सांगते. त्या सरपंचाला माजा नंबर दे. फोन कर म्हनावं. मी सांगते त्येंना, ही माजी बहीन हाय, डोळं झाकून उतरू द्या. बसवण्णाची आन. फोनचा कुटं फोटो निघतोय?"

सारजाचा चेहरा थोडा सैल पडला. "बरं. तोंडी बी चालंल," ती म्हणाली. युवराजच्या फोनात नंबर आहेच, असं ती स्वतःशीच पुटपुटली. तळ्यावर मेंढरांना पाणी दाखवून तासाभरात बिऱ्हाड वाटेला लागलं. जाताना माळाला तिनं वळसा घातला, मेंढरं फक्कीवरनं नेली नाहीत.

घोळ दुसऱ्याच दिवशी झाला. मेंढरं रस्त्यावर तासभर उभी होती, ते खालच्या आळीनं पाहिलं होतं. वस्तीची मतं आता पक्क्या घरात जाऊन कायमची गावात बसणार, हा काटा त्यांच्या पोटात होताच. त्यांनी तक्रार ठोकली: दोनशे अकरावर धनगरांची जुनी वहिवाट आहे, सरपंचांनी खोटा दाखला दिला. कालपर्यंत ज्या धनगरांना विहिरीवर उभं करत नव्हते त्यांच्याविषयी खालच्या आळीला अचानक उमाळा आला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब स्वतः आले. पंचायतीच्या खोलीत पंखा नुसता आवाज करत होता. टेबलाच्या एका बाजूला साहेब, समोर नागम्मा, शेजारी गुरुशांत. खालच्या आळीचे दोघेजण भिंतीला टेकून. बाहेर पिंपळाखाली अख्खी वस्ती बसली होती. बायकांनी पोरं कडेवर घेतली होती. आभाळ भरून आलं होतं.

"अव्वा, आदेश माझ्या पिशवीत आहे," साहेब म्हणाले. "आज देणार होतो. पण ही तक्रार आली. मला एकच सांगा. ह्या जागेवर कुणा धनगरांचा वाडा असायचा का?"

"न्हाय साहेब."

"परवा मेंढरं आली होती म्हणतात."

"वाटसरू हुते."

साहेबांनी लिहून घेतलं. "ठीक. गावातल्या दहा जणांचे जबाब आहेत, सगळे तुमच्यासारखंच सांगतात." त्यांनी पिशवीत हात घातला.

तेवढ्यात टेबलावरचा नागम्माचा फोन वाजला. नंबर अनोळखी. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून फोन आला की बटण दाबून तो स्पीकरवर टाकायचा, ही गुरुशांतची सवय. हात सवयीनं गेला. मागं घ्यायच्या आत आवाज खोलीभर झाला.

"हां, नमस्कार! चिंचवडगीच्या सरपंच नागम्मा का? मी बोरीकाठनं रामहरी बोलतोय, हितला सरपंच."

नागम्मानं फोनकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं. साहेबांचा हात पिशवीतच होता. भिंतीला टेकलेले दोघे सरळ झाले.

"बोला," नागम्मा म्हणाली.

"त्याचं असं हाय अव्वा, एक धनगराचं बिऱ्हाड आलंय. सारजाबाई म्हनून हायत. पन्नास-साठ वर्षं पावसाळ्यात तुमच्या गावात वाडा असतोय म्हनत्यात. तुमी वळखता म्हनाल्या, तुमचाच नंबर दिलाय. आमच्या गावात परवाच चोरी झालीया, पोरं लाठ्या घिऊन उभी हायती. म्हनून म्हटलं इचारून घ्यावं. वळखता न्हवं?"

खिडकीतनं नागम्माला पिंपळाखालची माणसं दिसत होती. रत्नम्मानं हात जोडून डोळे मिटले होते. रेवणसिद्धाची धाकटी पोर आईच्या खांद्यावर झोपली होती.

"हॅलो? अव्वा? वळखता का?"

"न्हाय," नागम्मा म्हणाली.

"आं? अगदीच न्हाय? न्हाय, ह्या बाई तर म्हनत्यात..."

"न्हाय वळखत. आमच्या गावात धनगराचा वाडा कदीच नव्हता."

पलीकडं कुणीतरी काहीतरी बोललं. माणसांचा गलका झाला, कुत्रं भुंकलं. युवराज ओरडून शिवी देत होता. मग त्या सगळ्यातनं सारजाचा आवाज आला, अगदी जवळून, रामहरीच्या हातातल्या फोनवर वाकून बोलावं तसा.

"राहू द्या दादा, फोन ठेवा. तिला तरास देऊ नका. तिच्या मागं लई मानसं हायती."

फोन कट झाला.

साहेबांनी पिशवीतनं आदेश काढला, तारीख घातली आणि तिच्यापुढं सरकवला. गुरुशांत दारात जाऊन नुसता हात वर करून उभा राहिला, आणि पिंपळाखालनं एकच आरोळी उठली. कुणी नारळ फोडला. कुणी हलगी आणायला पळालं. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या.

"अव्वा," साहेबांनी खालच्या आवाजात विचारलं, "कोण होती हो ती बाई?"

नागम्मानं आदेशावर बोट ठेवलं होतं. ओठ हलत होते. पहिल्या ओळीच्या पुढं बोट सरकत नव्हतं.

"म्हाईत न्हाय, साहेब," ती म्हणाली.